उगवायला लागतो तो वेळ गुणांत धरावा : माध्यमिक शिक्षण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विज्ञान व जीवशास्त्र विषयांच्या अभ्यास मंडळांचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे.

सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील एका गावाच्या शाळेत गेली एकवीस वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि मधली काही वर्षे अकरावी-बारावीचे जीवशास्त्राचे तासही घेतले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अनुषंगाने अभ्यासक्रम आणि मूल्यमापन या दोन्हींचा फेरविचार चालू असताना माझी एकच मागणी आहे आणि ती सुरुवातीलाच स्पष्ट मांडते. दहावीच्या विज्ञानाचे २० आणि बारावीच्या जीवशास्त्राचे ३० गुण प्रात्यक्षिकासाठी असतात. त्यांतील ठरावीक गुण प्रत्येक विद्यार्थ्याने बी पेरण्यापासून स्वतः वाढवलेल्या रोपावरील सहा ते आठ आठवड्यांच्या एका प्रयोगासाठी राखून ठेवावेत, आणि हे गुण झाड किती चांगले आले यावर न देता विद्यार्थ्याने रोज काय पाहिले, काय मोजले आणि त्यावरून काय ताडले याच्या नोंदीवर द्यावेत.

ही मागणी करण्याआधी माझी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी जीवशास्त्राची प्रात्यक्षिके जशी घेतली, त्याला प्रात्यक्षिक म्हणणे कठीण आहे. जानेवारीत जर्नल पूर्ण करण्याची घाई सुरू होई. मी फळ्यावर आकृती काढायची, खाली साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे चार मथळे लिहायचे आणि मुलांनी ते उतरवून घ्यायचे. ‘अंकुरणासाठी पाणी, हवा आणि योग्य तापमान आवश्यक असते’ हा निष्कर्ष चाळीस वह्यांमध्ये एकाच शब्दांत असे, आणि त्या चाळीस मुलांपैकी एकानेही त्या वर्षी शाळेत एक दाणाही भिजत घातलेला नसे. ही मुले शेतकऱ्यांची होती. बी म्हणजे काय, वाफसा म्हणजे काय, पेर साधणे म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण शेतातले ते ज्ञान आणि वहीतले ते विज्ञान यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मी त्यांना कधी दिसूच दिले नाही.

ते दिसले २०२० च्या खरिपात. त्या हंगामात पेरलेले सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी राज्याच्या अनेक भागांतून आल्या होत्या आणि आमच्या गावातही बऱ्याच घरांवर दुबार पेरणीची वेळ आली. शाळा बंद होत्या, मुले घरी होती, आणि फोनवर बोलताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, “मॅडम, बी उगवणार का नाही हे पेरायच्या आधी कळत नाही का?” ते कळते. कृषी विभाग दरवर्षी मे-जूनमध्ये घरच्या बियाण्याची उगवणक्षमता गोणपाटावर तपासून घेण्याचे आवाहन करतो. अंकुरणाचा धडा ज्या मुलाने माझ्याकडेच शिकला होता, त्याला तो धडा आणि हा प्रश्न एकच आहेत हे समजले नव्हते. दोष त्याचा नव्हता.

शाळा पुन्हा नीट सुरू झाल्यापासून आमच्याकडे जूनमधल्या विज्ञानाच्या पहिल्याच तासाला गोणपाट येते. प्रत्येक मुलाने घरातल्या बियाण्याच्या पोत्यातून, वरचे, मधले आणि तळाचे असे मिसळून, शंभर दाणे मोजून आणायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरे ओले गोणपाट घालायचे, गुंडाळी करून सैलसर बांधायची आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात सावलीत ठेवायची. पाणी शिंपडण्याच्या पाळ्या लावायच्या. सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचे.

या मोजण्यापाशी मी जरा थांबते, कारण खरे शिकणे तिथेच होते. पहिल्या वर्षी गुंडाळी उलगडल्याबरोबर दोन मुलींचा वाद झाला. एका दाण्यातून मूळ बाहेर आले होते, पण त्याचे एक दल कुजून मऊ पडले होते. हा दाणा उगवला म्हणायचा की नाही? दुसऱ्या दाण्याचे मूळ निघून टोकाशी काळे पडले होते, तर तिसऱ्याचे साल फुटले होते, पण आत काहीच हालचाल नव्हती. उत्तर मी दिले नाही. अर्धा तास चर्चा करून वर्गानेच नियम ठरवला : जे रोप मातीत असते तर वर येऊन उभे राहिले असते असे वाटते, तेवढेच उगवलेले धरायचे. बीज तपासणीच्या प्रयोगशाळेतही सामान्य रोप आणि असामान्य रोप असा भेद करूनच उगवण मोजतात, हे मी त्यांना नंतर सांगितले. मोजण्याआधी काय मोजायचे ते ठरवावे लागते, ही गोष्ट मी तोपर्यंत कोणत्याही धड्यातून शिकवू शकले नव्हते.

पुढे एकाने विचारले की एकाच पोत्यातले शंभर दाणे दोनदा घेतले तर आकडा तोच येईल का. आम्ही एका पोत्यातून पाच वेळा शंभर-शंभर दाणे घेतले आणि आकडे आले ७१, ६६, ७४, ६३ आणि ६९. सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी असे प्रमाण आहे. मग हे पोते पास की नापास? एका नमुन्यावर विसंबणारा शेतकरी ७४ पाहून निर्धास्त होईल आणि ६३ पाहून घाबरेल, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. सरासरी कशासाठी काढतात हे त्यांना गणिताच्या पुस्तकातून कळले नसते इतके इथे कळले. एका मुलाच्या घरच्या बियाण्याची सरासरी ६४ आली. एकरी ३० किलो बियाणे ७० टक्के उगवणीसाठी पुरते, तर ६४ टक्क्यांसाठी किती लागेल याचे त्रैराशिक त्याने मांडले आणि जवळजवळ ३३ किलो हे उत्तर वडिलांना नेऊन सांगितले. वडिलांनी त्याप्रमाणे पेरले. विज्ञानाच्या तासाला काढलेले उत्तर घरातल्या निर्णयात उतरल्याचे माझ्या नोकरीतले ते पहिले उदाहरण होते.

त्याच वर्गातली एक मुलगी आणखी पुढे गेली. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि आतला गर्भ सालीच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे मळणी करताना यंत्राचा वेग जास्त असला किंवा पोती आदळली तर उगवण घटते, असे तिच्या आजोबांचे म्हणणे होते. तिने पाच किलोच्या दोन पिशव्या भरल्या. एक जागची हलवली नाही, दुसरी शाळेच्या गच्चीवरून दहा वेळा खाली टाकली, आणि मग दोन्हींतले तीन-तीनशे दाणे गोणपाटावर घातले. आदळलेल्या पिशवीची उगवण स्पष्टपणे कमी आली. तिच्या वहीत त्या दिवशीचे एक वाक्य आहे, “दोन्ही पिशव्यांचे बी दिसायला सारखेच आहे, फरक डोळ्यांना दिसत नाही.” मी त्या वाक्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. सध्याच्या मूल्यमापनात त्याला ठेवायला माझ्याकडे रकाना नव्हता.

आदरणीय सदस्यहो, महाराष्ट्रातील शाळेचे वर्ष आणि खरिपाचा हंगाम एकाच महिन्यात सुरू होतात. ही मोठी अनुकूलता आहे आणि आपण तिचा काहीही उपयोग करत नाही. वनस्पतींचे धडे पुस्तकाच्या क्रमाने येतील तेव्हा येतात, कधी डिसेंबरात, कधी फेब्रुवारीत, आणि तोवर बाहेरचे शेत कापून मोकळे झालेले असते. जूनच्या मध्यावर कुंडीत लावलेला मूग साठ-पासष्ट दिवसांत पुन्हा बी देतो. म्हणजे बीपासून बीपर्यंतचे पूर्ण जीवनचक्र पहिल्या सत्रातच, दिवाळीच्या सुट्टीच्या कितीतरी आधी, विद्यार्थ्याच्या हातातून जाऊ शकते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात पॉल विल्यम्स या शास्त्रज्ञांनी रोगप्रतिकारक जातींच्या संशोधनाला वेग यावा म्हणून मोहरीच्या कुळातली एक वनस्पती निवडत निवडत अशी तयार केली की ती सततच्या प्रकाशात सुमारे चाळीस दिवसांत बीपासून बीपर्यंत जाते, आणि पुढे ती तिथल्या शाळांमध्ये पोहोचली. मुले वाळलेली मधमाशी काडीला चिकटवून तिच्या फुलांचे परागण करतात. ते बियाणे आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि मिळालेच पाहिजे असेही नाही. आपला मूग, आपली मेथी, आपला हरभरा, गहू आणि ज्वारी प्रत्येक घराच्या डब्यात आहेत.

आणि केवळ डब्यात नाहीत, देवघरातही आहेत. नवरात्रात घट बसतात तेव्हा महाराष्ट्रातील लाखो घरांत मातीत धान्य पेरले जाते. नऊ दिवसांत ते हातभर नसले तरी वीतभर वाढते आणि पिवळेधमक असते. दसऱ्याला घट उठले की तेच तुरे टोपीत आणि केसांत खोवतात. ते हिरवे का नसते, हा प्रश्न मी स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत कधी विचारला नव्हता. तीन वर्षांपूर्वी मी दहावीच्या मुलांना सांगितले की घट बसतील त्याच दिवशी दोन वाट्यांत तीच माती आणि तेच पंचवीस-पंचवीस गहू घाला, एक वाटी देवघरात घटाजवळ ठेवा आणि दुसरी अंगणात उन्हात, दोन्हींना सारखे पाणी घाला आणि रोज संध्याकाळी पट्टीने उंची मोजा. ज्यांच्या घरी घट बसत नाहीत त्यांनी एक वाटी झाकणाच्या डब्यात ठेवायची होती. कोणती वाटी उंच होईल असे आधी विचारले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी उन्हातली असे उत्तर दिले, कारण प्रकाशाने झाड वाढते असेच आपण त्यांना शिकवलेले असते.

नवव्या दिवशी अंधारातली रोपे उन्हातल्यांपेक्षा उंच होती, बारीक होती आणि मान टाकत होती. वर्ग गोंधळला. “मॅडम, अंधारातलं उंच कसं?” या प्रश्नावर आम्ही दोन तास घालवले. दाण्यात साठवलेले अन्न संपायच्या आत उजेड गाठण्यासाठी रोप आपला सगळा जोर लांबी वाढवण्यावर लावते आणि उजेड मिळेपर्यंत हरितद्रव्य तयार करण्यात खर्च करत नाही, हे त्यांच्याच बोलण्यातून हळूहळू पुढे आले. दसऱ्यानंतर ती पिवळी वाटी उन्हात ठेवली तेव्हा दुसऱ्या दिवशीच पात्यांवर हिरवट छटा आली होती. एका मुलाने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्याच्या देवघराला एकाच बाजूने खिडकी होती आणि घटातली सगळी पाती त्या बाजूला कलली होती. तिथून आम्ही १८८० साली डार्विन पिता-पुत्रांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाकडे गेलो. गव्हाच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर मुलांनी चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी रिफिलवर गुंडाळून केलेल्या इवल्या टोप्या चढवल्या, काही कोंबांच्या बुडाशी त्याच चांदीची पट्टी लावली, काही तसेच ठेवले, आणि बुटाच्या खोक्याला एक भोक पाडून सगळे आत ठेवले. दोन दिवसांनी टोपीवाले कोंब सरळ उभे होते आणि बाकीचे भोकाकडे वाकले होते. प्रकाश टोकाला कळतो आणि वाकते मात्र खालचे, हे पाहिल्यावर टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे हे मुलेच बोलली. हा निरोप नेणाऱ्या द्रव्याचे नाव, ऑक्झिन, मी त्यानंतर फळ्यावर लिहिले. खर्च झाला तो शून्य रुपये, आणि लागले पंधरा दिवस.

हे पंधरा दिवस सध्याच्या व्यवस्थेत कुठून आणायचे, हाच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. वनस्पतींबद्दलचे आपल्या अभ्यासक्रमातले बहुतेक प्रयोग एका तासात दाखवून संपणारे आहेत. पानातले पिष्टमय पदार्थ आयोडीनने तपासणे, हायड्रिलाच्या बुडबुड्यांवरून प्रकाशसंश्लेषण दाखवणे, सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे पाहणे, हे सगळे हवेच आहे आणि मी ते आवडीने घेते. परंतु त्यात विद्यार्थ्यासमोर येते ते आधीच ठरलेले उत्तर. झाड वाढवताना मात्र एक कुंडी मरते, एकीला मावा लागतो, एकीतले बी चिमणी उकरून नेते, आणि मग तुलना करायची कशी हा खरा प्रश्न उभा राहतो. एकाऐवजी पाच कुंड्या का लावाव्यात, न बदललेली एक कुंडी शेजारी का ठेवावी, दोन गोष्टी एकदम का बदलू नयेत, हे नियम म्हणून पाठ करण्याची गरजच राहत नाही, कारण तसे न केल्याचे नुकसान मुलाने सोसलेले असते.

आनुवंशिकतेच्या बाबतीत हे सर्वांत जास्त जाणवते. दहावीच्या मुलाला ३:१ हे गुणोत्तर तोंडपाठ असते आणि ते एखाद्या कायद्यासारखे पाळले जाते असा त्याचा समज असतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांनी गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाटाण्यांचा संकर करून दुसऱ्या पिढीत ७,३२४ बिया मोजल्या. त्यांतल्या ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या होत्या, म्हणजे गुणोत्तर २.९६:१ येते. पण त्याच प्रयोगात एका झाडावर ४३ गोल आणि अवघ्या २ सुरकुतलेल्या बिया आल्या, तर दुसऱ्या एका झाडावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेल्या. हे त्यांनी लपवले नाही, छापले. आठ वर्षे आणि हजारो झाडे का लागली ते या दोन आकड्यांतून कळते. आमच्या मुलांना हे अनुभवता यावे यासाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनी मक्याचे असे बियाणे छोट्या पाकिटांतून शाळांना द्यावे की ज्यातली साधारण तीन रोपे हिरवी आणि एक पांढरे निघते. मंडळाने तशी विनंती केली तर ते अवघड नाही. चाळीस दाण्यांच्या एका ट्रेमध्ये एखाद्या गटाला ३३ आणि ७ मिळतील, शेजारच्या गटाला २८ आणि १२, आणि सगळ्या शाळेची बेरीज केली की आकडे तीनास एकच्या जवळ येतील. पांढरी रोपे आठ-पंधरा दिवसांत, दाण्यातले अन्न संपले की, मरतात. ते पाहिलेल्या मुलाला हरितद्रव्य कशासाठी असते हे पुन्हा सांगावे लागत नाही.

हातांनी काम करून शिकणे ही कल्पना आपल्या राज्याला नवी नाही. गांधीजींच्या नई तालीमची दिशा ठरवणारी शिक्षण परिषद १९३७ साली वर्ध्याला भरली होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून निघालेला, माध्यमिक शाळेतल्या मुलांना आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामातून शिकवण्याचा कार्यक्रम मंडळाच्याच मान्यतेने अनेक शाळांत पोहोचला. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेला प्रयोगनिष्ठ विज्ञान शिक्षणाचा उपक्रम २००२ पर्यंत शासकीय शाळांत चालला, आणि त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथे परीक्षाही बदलली होती. मुलांना पुस्तक आणि स्वतःच्या नोंदी जवळ ठेवून उत्तरे लिहिण्याची मुभा होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. परीक्षा न बदलता अध्यापन बदलण्याचे आवाहन आम्हा शिक्षकांना दर काही वर्षांनी होते. आम्ही प्रशिक्षणाला जातो, पटते, आणि शाळेत परत आल्यावर पहिल्या घटक चाचणीच्या तारखा समोर आल्या की सगळे जागच्या जागी राहते.

शाळांत बागा नाहीत असेही नाही. पोषण आहार योजनेतून कितीतरी शाळांमध्ये परसबागा उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही फार देखण्या आहेत. पण ती योजना आठवीपर्यंतची आहे. ज्या इयत्तेत वनस्पतींचे शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू होते, त्या नववीत मुलाच्या हातातून खुरपे जाते आणि गाइड येते.

माझ्या जिल्ह्याचे नाव परीक्षांच्या तयारीसाठी देशभर घेतले जाते, त्यामुळे एका आक्षेपाचे उत्तर मी टाळू शकत नाही. पालक म्हणतात, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे आहेत, त्यातले निम्मे वनस्पतींचे, आणि तिथे कुंडीचे काही विचारत नाहीत. खरे आहे. माझ्याच हाताखालून गेलेल्या अनेक मुलांनी ती परीक्षा चांगल्या गुणांनी दिली आहे आणि त्यांच्या कष्टांचा मला अभिमान आहे. परंतु हवेतला नायट्रोजन रोपाला मिळवून देणाऱ्या मुळांवरच्या गाठींबद्दलचा प्रश्न अचूक सोडवणाऱ्या मुलीला, सोयाबीनच्या शेतात वाढलेल्या मुलीला, मी गाठ दाखवली तेव्हा तिने “हा रोग आहे का?” असे विचारले. त्या वर्षीपासून आम्ही या गाठी तयार करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची प्रक्रिया केलेले आणि न केलेले सोयाबीन वेगवेगळ्या तेलाच्या डब्यांत लावतो. पंचेचाळीस दिवसांनी डबा उलटा करून माती पाण्यात विरघळू देतो, मुळे अलगद धुतो, गाठी मोजतो आणि ब्लेडने एकेक मधोमध कापतो. चांगली गाठ आतून गुलाबी-लाल निघते, आपल्या रक्ताच्या रंगाची आठवण व्हावी अशी, आणि तो रंग ज्या द्रव्याचा आहे ते खरोखरच आपल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले आहे. काही गाठी आतून पांढरट किंवा हिरवट निघतात, म्हणजे त्या काम करत नाहीत किंवा त्यांचे काम संपले आहे. ब्लेड हातात असलेल्या मुलाचा चेहरा त्या क्षणी जसा होतो, तो पाहण्यासाठी मी निवृत्तीपर्यंत हे करीन. आणि वर्गातील पुढचा प्रश्न नेहमीच चांगला असतो : न प्रक्रिया केलेल्या डब्यातही गाठी आल्या, मग प्रक्रियेचा उपयोग काय? कारण आमच्या रानात वर्षानुवर्षे सोयाबीनच आहे आणि ते जिवाणू मातीत आधीच वस्तीला आहेत. मग ज्या मातीत सोयाबीन कधी पेरलेच नाही, ती आणून पाहू, असे मुलेच म्हणतात. यातून नीटचे गुण कमी होतात असे मला एकाही वर्षी दिसले नाही.

अडचणी खऱ्या आहेत आणि मी त्या लहान करून सांगणार नाही. विज्ञान शिकवणाऱ्या कितीतरी सहकाऱ्यांची पदवी भौतिकशास्त्राची किंवा गणिताची आहे, त्यांना माती हातात घेण्याआधी कोणीतरी सोबत हवे. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथल्या तज्ज्ञांचे उन्हाळ्यातले दोन दिवस याला पुरतील. शहरातील शाळांना मैदान नसते, पण वर सांगितलेल्या प्रयोगांपैकी बहुतेकांना खिडकीचा कट्टा पुरतो. पाण्याची टंचाई आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी असतेच, आणि शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार हा प्रश्नही आहेच. त्यावर मुलांनी काढलेला उपाय असा : दोन लिटरची बाटली मधून कापायची, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, बुचाला भोक पाडून समईची जाड वात त्यातून खाली पाण्यात सोडायची. वर माती, खाली पाणी. आठवडाभर बघावे लागत नाही, आणि पाणी वातीतून वर कसे चढते हा आणखी एक धडा आपोआप मिळतो.

नोंदी खोट्या लिहिल्या जातील ही भीती मात्र सर्वांत गंभीर आहे, कारण तयार जर्नल उतरवण्याची सवय आपणच लावली आहे. यावर माझ्या अनुभवात एकच गोष्ट उपयोगी पडली. तोंडी परीक्षा पुस्तकावर न घेता मुलाच्या स्वतःच्या वहीवर घ्यायची. “अकराव्या दिवशी तुझ्या तिसऱ्या कुंडीची उंची आधीपेक्षा कमी कशी झाली?” या प्रश्नाचे उत्तर उतरवलेल्या वहीच्या मालकाला देता येत नाही, आणि ज्याच्या रोपाचा शेंडा बकरीने खाल्ला आहे त्याला ते द्यायला एक क्षण लागत नाही. शिवाय झाड मेले तरी गुण मिळतात हे एकदा मुलांना पटले की खोटे लिहिण्याचे कारणच उरत नाही. म्हणूनच मेलेल्या रोपाच्या प्रामाणिक नोंदीला पूर्ण गुण मिळू शकतात, हे मंडळाच्या सूचनांमध्ये स्पष्ट शब्दांत छापलेले असावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शिक्षकाने तोंडी सांगून ते पुरत नाही. मुले छापलेल्यावर विश्वास ठेवतात.

दहावीच्या २० पैकी ८ आणि बारावीच्या ३० पैकी १० गुण यासाठी राखावेत, असे मला सुचवावेसे वाटते. विषय शाळेने आणि विद्यार्थ्याने आपल्या भागातील पिकांतून निवडावा. कोकणात भात आणि वाल, विदर्भात तूर आणि कापूस, सोलापूरकडे ज्वारी, शहरात मेथी आणि मूग. नोंदवहीचा नमुना मंडळाने द्यावा, पण त्यात ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली छापील वाक्य नसावे, आणि ‘माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे काय घडले’ असा एक रकाना अवश्य असावा. एकदम सर्व राज्यात लागू करणे कठीण वाटत असेल तर प्रत्येक विभागीय मंडळाच्या क्षेत्रातील काही इच्छुक शाळांपासून सुरुवात करावी. आमची शाळा त्यात पहिल्या दिवशी नाव नोंदवील. परिपत्रक मात्र मे महिन्याच्या आत निघावे, कारण ऑगस्टमध्ये निघालेल्या परिपत्रकाला आमच्या हातातला हंगाम गेलेला असतो.

आपल्यापैकी कोणाला हे प्रत्यक्ष पाहावेसे वाटले तर गोणपाटे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उलगडतात आणि गाठी श्रावणात कापल्या जातात. गव्हाच्या वाट्या पाहायच्या असतील तर दसऱ्यानंतरच्या पहिल्या शाळेच्या दिवशी यावे, मात्र सकाळी लवकर, कारण दुपारपर्यंत पिवळी रोपे हिरवी व्हायला लागलेली असतात.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका,
जिल्हा लातूर